वॉरंटी संपते, हप्ते उरतात

टीव्ही, फ्रिज, मोबाइल, मुलांचा व्हिडिओ गेम कन्सोल अशी बरीच खरेदी आज हप्त्यावर होते. दुकानात आपण दोन आकडे हमखास विचारतो : किंमत किती आणि महिन्याचा हप्ता किती? तिसरा प्रश्न मात्र राहून जातो : वस्तू बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि किती दिवसांपर्यंत? या पाठात तो तिसरा प्रश्न समजून घेऊ. त्यासाठी उदाहरण घेऊ गेम कन्सोलचे, कारण या यंत्राच्या बाबतीत एका मोठ्या कंपनीलाही हा प्रश्न फार महाग पडला होता.

१. तीन लाल दिवे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत 'एक्सबॉक्स ३६०' हा कन्सोल बाजारात आणला. पुढच्या वर्षी तो भारतातही आला. त्याच्या बटणाभोवती चार भागांचे एक कडे होते. यंत्र ठीक असले की तिथे हिरवा दिवा दिसे. पण अनेक ग्राहकांच्या यंत्रांत काही महिन्यांतच चारपैकी तीन भाग लाल लुकलुकू लागले आणि यंत्र बंद पडले. लोकांनी या बिघाडाला नावच दिले : 'रेड रिंग ऑफ डेथ', म्हणजे मृत्यूचे लाल कडे.

कारण काय होते? कन्सोलमधील चिप काम करताना खूप तापते आणि यंत्र बंद केले की थंड होते. तापल्यावर बहुतेक पदार्थ प्रसरण पावतात, पण सगळे सारखे नाही. चिप आणि तिच्याखालची पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि त्यांना जोडणाऱ्या सोल्डरच्या बारीक ठिपक्यांवर ताण येतो. तार वारंवार वाकवली की एक दिवस तुटते, तसे रोजच्या चालू-बंद करण्याने हे सांधे तडकतात. बिघाडाचे मूळ चिपच्या आतील अशा जोडण्यांत होते, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच २०२१ साली एका माहितीपटात सांगितले.

काही ग्राहक यंत्र टॉवेलात गुंडाळून आणखी तापवत. यंत्र थोडा वेळ चालू होई, मग पुन्हा बंद पडे. हा उपाय धोक्याचाही होता. ग्राहकाने यंत्र कितीही जपून वापरले तरी मूळ दोष रचनेतच होता.

२. कंपनीने काय केले?

अमेरिकेत सुरुवातीला या यंत्राची वॉरंटी फक्त ९० दिवसांची होती. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची झाली. जुलै २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले की तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षे राहील. ज्यांनी आधीच स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून घेतली होती, त्यांचे पैसे परत देण्याचेही कंपनीने मान्य केले. यासाठी तिने हिशेबात १०५ ते ११५ कोटी डॉलरचा खर्च धरला.

यातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली : वाढीव तीन वर्षे फक्त त्या एका बिघाडासाठी होती, इतर बिघाडांसाठी नव्हे. म्हणून वॉरंटी किती वर्षांची हे विचारून थांबू नये. कशाकशाची, हेही वाचावे. दुसरी : पुढे येणारा दुरुस्तीचा खर्च दिसताच कंपनीने तो आधीच हिशेबात धरला. वाणिज्य शाखेत यालाच 'तरतूद' म्हणतात. अब्जावधी डॉलर कमावणारी कंपनी तरतूद करते, तर महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला ती अधिकच आवश्यक आहे.

३. घरचा हिशेब

समजा, ४०,००० रुपयांचा कन्सोल आपण २४ महिन्यांच्या कर्जावर घेतला आणि व्याजदर वर्षाला १५ टक्के आहे. हप्ता सुमारे १,९४० रुपये येईल. दोन वर्षांत आपण एकूण ४६,५०० रुपयांच्या आसपास भरू. आता वॉरंटी १२ महिन्यांची आहे असे धरा. ती संपेल त्या दिवशी १२ हप्ते भरून झालेले असतील, तरीही कर्जाचे जवळजवळ २१,५०० रुपये बाकी असतील.

तेराव्या महिन्यात यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीला ८,००० रुपये सांगितले, तर काय होईल? शाखेत असे खातेदार येतात आणि विचारतात, "साहेब, वस्तूच बंद आहे, मग हप्ता थांबवता येईल का?" उत्तर 'नाही' असे आहे. वस्तूचा व्यवहार विक्रेत्याशी किंवा कंपनीशी असतो. कर्जाचा करार बँकेशी किंवा वित्तसंस्थेशी असतो. रागाने हप्ता थांबवला तर दंड लागतो आणि थकबाकीची नोंद आपल्या पतअहवालात होते. उद्या घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तीच नोंद आडवी येते.

यावरून एक सोपा नियम काढता येतो : हप्त्यांची मुदत शक्यतो वॉरंटीच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवू नये. तेवढा हप्ता परवडत नसेल तर काही महिने आधी बचत करावी आणि कर्जाची रक्कम कमी करावी. 'नो कॉस्ट' हप्ता असला तरी प्रक्रिया शुल्क, त्यावरील जीएसटी आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट या तिन्हींची चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

४. दुरुस्तीची तरतूद

वस्तू घरी आली त्याच महिन्यात एक छोटे आवर्ती ठेव खाते सुरू करा. किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम वर्षाला बाजूला ठेवायची, असा अंदाज धरता येईल. वरील उदाहरणात महिन्याला ३५० रुपये ठेवले तर वर्षात ४,२०० आणि दोन वर्षांत ८,४०० रुपये जमतात, व्याज वेगळे. बिघाड झाला तर पैसा हाताशी असतो; नाही झाला तर ती आपली बचतच राहते.

दुकानदार 'वाढीव वॉरंटी' सुचवतो तेव्हा तिची किंमत या बचतीशी ताडून पाहा. ती कोणाची आहे, मूळ कंपनीची की तिसऱ्याच संस्थेची? विजेचा दाब कमी-जास्त झाल्याने, धूळ, पाणी किंवा किडे गेल्याने झालेला बिघाड तिच्यात धरला आहे का? उत्तरे लेखी मिळत नसतील तर आवर्ती ठेव बरी.

परदेशातून नातेवाइकाने आणलेले किंवा बिलाशिवाय मिळणारे यंत्र स्वस्त वाटते, पण त्याची वॉरंटी भारतात चालेलच असे नाही. स्वस्ताईत हा धोकाही मोजावा.

५. आपला हक्क

वॉरंटीच्या मुदतीत कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. वस्तू दुसऱ्या शहरातून किंवा ऑनलाइन घेतली असली तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

लक्षात ठेवा

• बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्राचा अनुक्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. बिलावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते.
• वॉरंटी संपण्याची तारीख मुदत ठेवीच्या तारखेसारखी लिहून ठेवा. त्याच्या महिनाभर आधी यंत्र नीट तपासा. आवाज, अति गरम होणे किंवा मध्येच बंद पडणे दिसले तर लगेच लेखी तक्रार नोंदवा.
• कन्सोल बंद कपाटात किंवा कापडाखाली ठेवू नका. मागे-बाजूला हवा खेळू द्या आणि जाळीवरची धूळ काढत जा.
• वॉरंटी चालू असताना बाहेरच्या कारागिराकडून यंत्र उघडून घेऊ नका; त्या कारणाने कंपनी दावा नाकारू शकते.

स्वाध्याय

१. आपल्या घरात हप्त्यावर घेतलेल्या किती वस्तू आहेत? प्रत्येकीपुढे शेवटच्या हप्त्याची आणि वॉरंटी संपण्याची तारीख लिहा.
२. कोणत्या वस्तूचे हप्ते वॉरंटीनंतरही चालू राहतात? त्या वस्तूसाठी महिन्याला किती तरतूद करता येईल?
३. ती रक्कम ठरली की या महिन्यातच आपल्या शाखेत आवर्ती ठेव खाते उघडा.