छातीवर बसणारे भूत

पहाटे तुम्हाला जाग येते. खोली ओळखीची, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. पण हात उचलावा तर उचलत नाही, आईला हाक मारावी तर शब्द फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते, कोपऱ्यात काळी आकृती दिसते. काही क्षण, फार तर एकदोन मिनिटे, आणि एकदम सारे अंग मोकळे! सकाळी कोणी म्हणते, "भुताने दाबले." एखाद्या मुलाला मग मांत्रिकाकडेही नेतात. जपानात याला कानाशिबारी म्हणतात. न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण बसते. भुते देशोदेशीची निराळी, पण बसण्याची जागा एकच! ही खूण शरीराकडे बोट दाखवते.

शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवून दिले की, झोपेत मधूनमधून आपले डोळे मिटल्या पापण्यांखाली भराभर हलतात. त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. ही 'रेम' निद्रा साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते.

आता सांगा, स्वप्नात तुम्ही धावता, मग अंथरुणात पाय का हलत नाहीत? मेंदूच्या देठातून निघालेले संदेश मेरुरज्जूतील चालक चेतापेशींना दाबून धरतात. ग्लायसीन आणि गाबा ही रसायने ते काम करतात. फ्रान्समध्ये मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतील या भागाला इजा केली, तेव्हा ती झोपेतच उठून समोर सावज असल्यासारखी झडप घालू लागली.

कधी मेंदू जागा होतो, पण ही कडी उघडायची राहते. हाच निद्रा-पक्षाघात. (नाव भयंकर, पण खऱ्या पक्षाघाताशी त्याचा संबंध नाही.) स्वप्न पुरते विरलेले नसते, म्हणून आकृती दिसते. श्वासपटल चालूच असते. मात्र बरगड्यांमधले स्नायू सैल असल्याने मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही, आणि छातीवर ओझे आहे असे वाटते.

परीक्षेच्या दिवसांतली जागरणे, झोपेच्या अवेळा आणि उताणे झोपणे यांनी हा प्रकार वाढतो. तो घडत असताना धडपडू नका. डोळ्यांचे स्नायू बांधलेले नसतात, ते हलवून पाहा. पण हे वरचेवर होत असेल, किंवा दिवसा वर्गात बसल्या बसल्या अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.