मधमाशीच्या पोटांतील विरजण

विद्यार्थिमित्रहो, ‘जंतु’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनांत रोगाची भीति उभी राहते. परंतु रात्रीं आपली आई कोमट दुधांत चमचाभर विरजण घालते, तेव्हां ती जंतूंनाच कामास लावीत असते. मधमाशीच्या पोटांतही असेंच एक विरजण असतें. त्याची थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उंच इमारतीच्या सज्जाखालीं एकच मोठें पोळें लावणारी आग्या माशी अंधेरी-मुलुंडकडील मुलांनीं पाहिली असेलच. महाबळेश्वराकडे पेटींत पाळतात ती सातेरी माशी आकारानें लहान व स्वभावानें सौम्य.

कोशांतून नुकतीच बाहेर पडलेली कामकरी माशी पोटांत जवळजवळ जंतुरहित असते. पहिल्या थोड्या दिवसांतच वडील बहिणींच्या सहवासानें व पोळ्याच्या संसर्गानें तिला आपले जंतु लाभतात. त्यांपैकीं स्नॉडग्रासेला हा आंतड्याच्या भिंतीस चिकटून राहतो व तेथील प्राणवायु वापरून टाकतो. त्यामुळें ज्यांना प्राणवायु सोसत नाहीं अशा इतर उपकारक जंतूंची सोय होते. गिलियामेला हा परागाच्या वेष्टनांतील पेक्टिन पचविण्यास साह्य करितो.

हें विरजण नासलें तर काय होतें? अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत २०१७ सालीं कांहीं माशांस टेट्रासायक्लीन हें जंतुनाशक औषध देऊन पुन्हां पोळ्यांत सोडलें. तीन दिवसांनीं औषध न दिलेल्या माशांपैकीं सुमारें दोनतृतीयांश राहिल्या होत्या. औषध दिलेल्यांपैकीं मात्र सुमारें एकतृतीयांशच. तण मारणारें ग्लायफोसेटही यांपैकीं कांहीं जंतूंस मारक ठरतें, असें तेथेंच २०१८ सालीं दिसून आलें.

यांतून मधपाळास एक मोठा धडा मिळतो. १९९१ नंतर दक्षिण भारतांत थाई सॅकब्रूड रोगानें सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. तो रोग विषाणूचा. विषाणूवर असलीं औषधें चालत नाहींत. तीं पाजलीं तर शत्रु तसाच राहावयाचा आणि मित्र मात्र मरावयाचे!

मग माशांस दही पाजावें काय? नाहीं. दुधांतले जंतु माशीच्या पोटांत घर करीत नाहींत. तिला तिच्या कुळांतलेच जंतु हवेत. म्हणून शास्त्रज्ञ निरोगी माशांच्या पोटांतूनच ते काढून वाढवितात. २०२० सालीं टेक्सासमध्येंच स्नॉडग्रासेलांत फेरफार करून, पंख वांकडे करणाऱ्या विषाणूशीं लढण्यास माशीला बळ देतां आलें. अर्थात् तो प्रयोग प्रयोगशाळेंतील होता. आपल्याकडे पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें या कामीं लागेल, तर आम्हांस धन्यता वाटेल.

पालकांस एक विनंति. इमारतीवर पोळें दिसतांच विषारी फवारा मारणाऱ्यास बोलावूं नका. मुलांना दूर ठेवा, त्यांस दगड मारूं देऊं नका. पोळें हलविणें भागच असेल, तर माशा न मारतां तें काढणाऱ्या जाणत्या माणसास बोलवा. घरचें विरजण संपलें तर शेजारणीकडे वाटी घेऊन जातां येतें. परंतु वसाहतच नष्ट झाली, तर तिच्या पोटांतलें पिढ्यान्‌पिढ्यांचें विरजणही तिच्याबरोबरच जातें.