ध्वनीपासून अर्थापर्यंत : कॉक्लिअर इम्प्लांट आणि वाणीचे आकलन

भगवान बुद्धांच्या शिष्यांना ‘श्रावक’ म्हटले जाते. श्रावक म्हणजे ऐकणारा. ग्रंथबद्ध होण्यापूर्वी धम्म शतकानुशतके मुखोद्गत राहिला आणि श्रवणानेच पुढील पिढीकडे गेला. ह्या परंपरेतील विद्यालयाने श्रवणदोष असलेल्या बालकाचा विचार करणे हे त्याच्या कार्याचेच अंग होय, असे आम्ही मानतो. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेली मुले आज सर्वसाधारण शाळांतही शिकतात. ‘यंत्र बसविले, आता सर्व ऐकू येते’ असा समज मात्र त्यांच्या वाट्याला अनेकदा अन्याय आणतो. ध्वनी ऐकू येणे आणि बोललेले समजणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अंतर्कर्णात शंखाकृती कॉक्लिआ असतो. त्यातील सुमारे ३,५०० आंतरिक केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जासंदेशांत करतात. उंच स्वर शंखाच्या मुखाकडे, तर खालचे स्वर टोकाकडे उमटतात. ह्या रचनेवर प्रकाश टाकणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केशपेशी निकामी झाल्या तरी श्रवणमज्जा बहुधा शिल्लक असते. इम्प्लांट ह्या मज्जेलाच थेट विद्युत्स्पंद देते.

कानामागील प्रोसेसर ध्वनीचे अनेक पट्ट्यांत विभाजन करतो. प्रत्येक पट्टीतील आवाजाचा ढोबळ चढउतार तो टिपतो आणि त्या मापाने शंखातील संबंधित इलेक्ट्रोडला स्पंद पाठवितो. असे इलेक्ट्रोड साधारणतः १२ ते २२ असतात. सर्व इलेक्ट्रोड एकाच वेळी चालविल्यास त्यांचे विद्युत्प्रवाह एकमेकांत मिसळतात. म्हणून ते क्रमाक्रमाने चालविण्याची पद्धत ब्लेक विल्सन व सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडली, आणि तिने वाणीचे आकलन लक्षणीयरीत्या सुधारले. तरीही शेजारच्या इलेक्ट्रोडांचे प्रवाह काही अंशी एकत्र होतातच, आणि ध्वनीतील सूक्ष्म कंपने बव्हंशी गळून पडतात.

एवढ्यावर भाषा समजते कशी? १९९५ साली रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी श्रवणक्षम व्यक्तींना केवळ चार पट्ट्यांत उरविलेली वाणी ऐकविली. शांत वातावरणात तिचा बराच भाग त्यांना ओळखता आला. वाणीचा मोठा अर्थभार चढउतारांत असतो, हे त्यातून दिसले. मात्र त्या व्यक्तींना भाषा आधीच अवगत होती. जन्मतः बधिर बालकाला ह्याच अपुऱ्या ध्वनीतून भाषा घडवावी लागते.

मराठीतील उदाहरणे पाहू. ‘काल’ आणि ‘गाल’, ‘ताप’ आणि ‘साप’ ह्यांतील भेद चढउतारांवरून तुलनेने लवकर कळतात. ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘माती’ आणि ‘नाती’ ह्यांतील भेद उच्चारस्थानाचा आहे. तो स्वरपट्ट्यांच्या बारकाव्यांवर अवलंबून असल्याने निसटू शकतो. ‘माती’चा म ओठांवर दिसतो. ‘ताक’ व ‘टाक’ ओठांवर सारखेच दिसतात, त्यांचा उलगडा वाक्यातील संदर्भानेच होतो.

गोंगाटात अडचण अधिक वाढते. भोजनगृहातील ताटांचा आवाज आणि घुमणारे सभागृह बोलण्याचे चढउतार झाकून टाकतात. सामूहिक वंदनेची लय मुलाला सापडते, सूर मात्र पुरता हाती लागत नाही.

बुद्धांच्या विश्लेषणानुसार श्रोत्र, शब्द आणि श्रोत्रविज्ञान ह्या तिहींच्या संयोगास ‘स्पर्श’ म्हणतात. यंत्र श्रोत्राच्या कार्याचा काही भाग करील, परंतु मेंदूने अर्थ लावण्यास शिकावेच लागते. जीवनाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदूची ही क्षमता सर्वाधिक लवचीक असते. म्हणून नवजात बालकाची श्रवणतपासणी, शक्य तितकी लवकर शस्त्रक्रिया, प्रोसेसरचे वेळोवेळी जुळवून घेणे आणि नियमित श्रवणवाचा प्रशिक्षण ही चारही अंगे आवश्यक आहेत. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था केंद्र शासनाच्या एडिप योजनेतील ह्या कार्याशी निगडित आहे. गरजू पालकांनी तेथे अवश्य चौकशी करावी.

शाळेची कर्तव्ये साधी आहेत. अशा मुलास पुढील बाकावर, पंख्यापासून दूर बसवावे. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. न समजल्यास तोच शब्द मोठ्याने न उच्चारता पूर्ण वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगावे. वंदनेचा छापील पाठ हाती द्यावा. निजताना व स्नानाच्या वेळी प्रोसेसर काढलेला असतो, त्या वेळी घंटा त्याला ऐकू येत नाही. पहाटे त्याला हलक्या स्पर्शाने जागे करण्याचे काम वसतिगृहातील सोबत्याकडे सोपवावे. ज्यांना इम्प्लांट उपयोगी नाही, त्यांच्यासाठी खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा आहे, हेही ध्यानी असावे.

वर्गात उत्तर न देणारे मूल दुर्लक्ष करीत नसून गळलेली अक्षरे जुळवीत असू शकते. त्याला ‘बेपर्वा’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून पुन्हा सांगणे हीसुद्धा सम्यक वाचाच होय.