टॉर्च बरोबर न्या

सेकंडहँड लेन्स घेणारा आधी पुढची काच उजेडात धरतो आणि तिच्यावर एखादा ओरखडा दिसला की तिथेच सौदा मोडतो. माझ्या मते ही उलटी गंगा आहे. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा सेन्सरवर फोकस होतच नाही. फोटोत तो शोधूनही सापडत नाही, फार तर सूर्य समोर असताना चकाकी थोडी वाढते. आतल्या धुळीचंही तेच. झूम पुढेमागे करताना लेन्स हवा ओढते, त्यामुळे वापरलेल्या झूममध्ये धूळ असायचीच. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र सेन्सरच्या जवळ असल्याने फोटोत जाणवू शकतो, आणि नेमकं तिकडचं झाकण काढून बघायचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. पुढच्या ओरखड्यासाठी मी भाव पाडून मागेन, लेन्स सोडणार नाही.

सोडावी ती बुरशीसाठी. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सवर पहिला संशय तिचाच घ्यावा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती सहज दिसत नाही. दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्चचा तिरका झोत टाकायचा आणि पुढून बघत लेन्स हळूहळू फिरवायची. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. सगळी काच दुधाळ दिसली तर हेझ, आणि हेझने फोटोतला काळा रंगच फिका पडतो. हे बघताना अॅपर्चर पूर्ण उघडं हवं. कॅननची ईएफ लेन्स कॅमेऱ्यावरून काढली तरी सहसा उघडीच राहते. निकॉनच्या बऱ्याच एफ-माउंट लेन्सची मात्र मागची छोटी कळ बोटाने सरकवून धरावी लागते. विकणारा म्हणेल, साफ करून देतो. सुरुवातीची बुरशी निघते, हे खरं. पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही खूण राहते, आणि चिकटवलेल्या दोन काचांच्या मधे ती शिरली असेल तर साधी सफाई तिथवर पोचतच नाही. तेव्हा सफाई आधी, पैसे नंतर.

अॅपर्चरच्या पात्यांवरच्या तेलाचं असं सरसकट सांगता येत नाही. मायक्रो-निक्कॉर ५५ मिमी एफ/२.८ या तेलासाठी बदनामच आहे, आणि तिथे ते नडतं: शटर उघडायच्या आत पाती मिटायला हवीत, ती रेंगाळली की फोटो नको तितका उजळ येतो. सोव्हिएत बनावटीच्या हेलिओस ४४-२ मध्ये पाती हातानेच मिटवायची असतात. तिथे तेवढ्याच तेलाने काही बिघडत नाही.

‘एवढं कशाला, नमुन्याचे फोटो बघितले की झालं,’ असंही म्हणतात. पण एफ/८ला बहुतेक लेन्स गुणी वाटतात. अॅपर्चर पूर्ण उघडून, ट्रायपॉडवरून, विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा भुरकट असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. फ्रेमचा तोच कोपरा पुन्हा भुरकट आला तर आतली काच कललेली आहे. भिंतीचा तोच भाग भुरकट आला तर कॅमेराच तिरका लागला होता.