शील : ‘मला लागते’ की ‘मी करणार’?



एखादी गोष्ट शक्य आहे, योग्य आहे की सक्तीची, हे आपले क्रियापदच सांगते. ही चार वाक्ये पाहा. ‘खोटे बोलू नको’ ही आज्ञा. ‘खोटे बोलू नये’ ही शिकवण. ‘मला खरे बोलावे लागते’ ही सक्ती. ‘मी खोटे बोलणार नाही’ हा निर्धार.

सक्तीच्या वाक्यात ‘मला’ आहे. ओझे बाहेरून आलेले. निर्धाराच्या वाक्यात ‘मी’ आहे. माणूस स्वतः कर्ता.

पालीतही आज्ञार्थ आहे. ‘केले पाहिजे’ या अर्थाचे ‘कातब्बं’ आहे. तरीही पंचशील घेताना आपण ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे ‘मी ग्रहण करतो’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञाही ‘मी’च्याच भाषेत आहेत.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) बाबासाहेब नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियमाने घडलेली कृती यांत्रिक असते. तत्त्व समजून केलेल्या कृतीची जबाबदारी माणूस स्वतः घेतो.

म्हणून इथे वाढणाऱ्या मुलांना शील शिकवताना ‘आपल्यात असे करायचे नसते’ एवढ्यावर थांबू नका. ते वाक्य आपली नजर असेपर्यंतच टिकते. कारण सांगा, त्यांना उलट प्रश्न विचारू द्या. पटल्यावर ‘मी’ हा शब्द त्यांचा त्यांना उच्चारू द्या. उद्या वसतिगृहात ती एकटी असतील, तेव्हा सोबत तोच असेल.