आधी गळती बघ

चि. मुक्ता हिस,


व्हॅक्यूम इंडक्शन भट्टीवर तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला. निकेलच्या सुपरअलॉयशी पहिलीच गाठ, म्हणून लिहितोय.

तुझ्या वयात मी फक्त गेज बघायचो. एकदा शिफ्टला उशीर झाला म्हणून गळतीची चाचणी टाळली. गेज ०.००१ मिलिबार दाखवतोय, मग शंका कसली? पण पंप दणकट असला की गळती झाकली जाते. हवा एकीकडून येते, दुसरीकडून ओढली जाते आणि मधल्या मध्ये वितळलेल्या धातूचा रस आपला वाटा घेतो. त्या हीटचा, म्हणजे त्या वितळणीचा, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सोनेरी, टोकदार कोनांचे स्फटिक! टायटॅनियम नायट्राइड. तेव्हापासून पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून, दाब किती वेळात किती चढतो हे बघितल्याशिवाय मी भट्टी तापवली नाही.

रस रटरटू लागला तर घाबरू नकोस. कार्बन विरघळलेला ऑक्सिजन घेऊन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात निघून जातो. दाब कमी तितकं ते सोपं. शिसं, बिस्मथही वाफ होऊन जातात. बिस्मथ दशलक्षात एक भाग उरला तरी टर्बाइनच्या तापलेल्या पात्याचं आयुष्य घटतं. रटरट शमली, की मात्र ‘आणखी तासभर ठेवू’ हा मोह आवर. चढ्या तापमानात तोच कार्बन मॅग्नेशियाच्या मुशीतला ऑक्सिजन ओढायला लागतो. रस शुद्ध करायला बसावं आणि मूसच त्यात उतरावी, असं होतं.

ताणून तोडलेला नमुना पास झाला म्हणून हुरळू नकोस. ऑक्साइडचा कण त्या चाचणीत बहुधा गप्प बसतो. तडा सुरू होतो तो वारंवारच्या ताणात. २८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोत उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७६७ च्या इंजिनातली टर्बाइनची चकती फुटली. इनकोनेल ७१८, तीनदा वितळवलेलं, १९९७ चं. आत एक मळकट पांढरा डाग होता, तपासणीत न सापडलेला. असे डाग बहुधा शेवटच्या व्हॅक्यूम आर्क वितळणीत पडतात. तुझी भट्टी त्याआधीची. विमानातले १७० जण वाचले. पण डाग एकोणीस वर्षं आत बसून होता.

म्हणून गळतीचा आकडा असेल तसाच लॉगबुकात लिही. वाईट निघाला तर हीट थांबव, साहेब चिडले तरी. सोमवारी व्हॉल्व्ह बंद करशील तेव्हा घड्याळ हातात असू दे.

तुझा,
मामा