जुन्या औषधांना न जुमानणारा विषाणू

औषधास प्रतिकार म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकास पुस्तकातून शिकावे लागत नाही. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि २०१७ च्या हंगामात त्याच वाणाची बोंडे गुलाबी अळीने पोखरलेली जिल्ह्याने पाहिली. विषाने बहुतेक अळ्या मेल्या. ज्या थोड्या तगल्या, त्यांचीच संतती पुढे वाढली.

एचआयव्हीच्या बाबतीत हेच घडते, परंतु फार वेगाने. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात हा विषाणू दररोज अब्जावधी नव्या प्रती निर्माण करतो आणि त्या करताना वरचेवर चुकतो. गोळ्या नियमित असतील तर प्रती निघतच नाहीत, म्हणून चुकाही होत नाहीत. गोळ्या अधूनमधून चुकल्या की रक्तातील औषधाचे प्रमाण उतरते; विषाणू मरत नाही आणि औषधही पुरते नाहीसे झालेले नसते. अशा अर्धवट स्थितीत औषध सोसणारी प्रत निवडली जाते.

शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू केले, तेव्हाच्या गोळ्यांत नेव्हिरापिन हे प्रमुख औषध असे. विषाणूतील एकच बदल ते निकामी करण्यास पुरेसा ठरे. पहिला उपचार निष्फळ झालेल्यांना दोष देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतलेली बरी. दुसऱ्या टप्प्याची औषधे शासकीय योजनेत २००८ मध्ये आली, तीही आरंभी मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम या दोनच ठिकाणी. विदर्भातील मजुरास हा प्रवास परवडणारा नव्हता.

आज चित्र पालटले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार डोल्युटेग्रॅव्हिर हे पहिल्या उपचारातीलच मुख्य औषध आहे. त्यास निष्प्रभ करणे विषाणूस सहजी साधत नाही. जुने उपचार थकलेल्या रुग्णांसाठी रिटोनाव्हिरच्या जोडीने दिली जाणारी अॅटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर आणि डारुनाव्हिर ही औषधेही आहेत. जगात यापुढचेही पाऊल पडले आहे : अनेक औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूसाठी सहा महिन्यांतून एकदा टोचावयाच्या लेनाकॅपाव्हिरला २०२२ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र तेही एकटे देता येत नाही. सोबत अन्य परिणामकारक औषध लागतेच.

उपचार निष्फळ होत आहे हे रुग्णास जाणवत नाही. तो शेतात राबत असतो, वजनही टिकून असते. हे कळते ते रक्तातील विषाणूभार मोजल्यावरच. मिलिलिटरमागे १००० किंवा अधिक प्रती आढळल्यास लगेच औषध बदलत नाहीत. प्रथम गोळ्या का चुकतात याचा शोध घेऊन समुपदेशन करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. भार तसाच राहिल्यास तज्ज्ञ समिती पुढील औषधे ठरविते. येथे दिरंगाई महाग पडते, कारण निष्फळ औषधावर जितका काळ जाईल तितके विषाणूतील बदल साचत जातात आणि पुढच्या औषधांचीही वाट अडते.

गोळ्या चुकण्याची कारणे बहुधा गावातच सापडतात. सासरी कळेल या भीतीने सून डबी लपविते. ऊसतोडीस वा वीटभट्टीवर गेलेल्याची औषधे मध्येच संपतात. शाळा व अंगणवाडीशी संबंधित आणखी एक बाब आहे. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्रॅव्हिरसोबत घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. जेवणासह दोन्ही एकत्र चालतात. एरवी डोल्युटेग्रॅव्हिर त्या गोळीच्या दोन तास आधी वा सहा तास नंतर घ्यावे. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू असल्यास डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागते; म्हणून दोन्ही उपचारांची माहिती दोन्हीकडील डॉक्टरांस हवी.

माहिती द्यावयाची ती रुग्णाने स्वतः, ग्रामपंचायतीने नव्हे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीविना कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. नोकरीत, शाळेत वा दवाखान्यात त्या कारणाने भेदभावही करता येत नाही. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एआरटी केंद्रात औषधे मोफत मिळतात. कामासाठी परजिल्ह्यात जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या केंद्रास कळवून उपचाराचे कार्ड सोबत ठेवावे, म्हणजे वाटेत गोळ्या संपल्या तरी तेथील केंद्रात त्याची सोय होऊ शकते. विचारणेसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.